पगार थांबल्यानंतरचा भाडेकरार

आग्रही : पुण्यात किंवा मुंबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाची नोकरी गेली, की त्याचे सगळे लक्ष नव्या नोकरीकडे लागते आणि घराचा प्रश्न पुढच्या भाड्याच्या तारखेपर्यंत बाजूला पडतो, मात्र याच दिवसांत त्याचे टाळता येण्याजोगे नुकसान सर्वाधिक होते. म्हणून पहिल्या आठवड्यातच त्याने नोंदणीकृत करारनामा काढून शेवटपर्यंत वाचावा आणि घरमालकाला लेखी कळवावे. महाराष्ट्रात आज घरे देण्याघेण्याचा जो प्रकार सर्वत्र रूढ आहे तो कायद्याच्या दृष्टीने भाडेपट्टा नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची मालकाने दिलेली परवानगी असते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 याच्या कलम 52 मध्ये अशा परवान्याची व्याख्या आहे. तिचे सार असे, की परवानाधारकाला वापराची मुभा मिळते, पण त्या मालमत्तेत त्याचा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. या करारातील तीन कलमे अशा प्रसंगी निर्णायक ठरतात: मुदत, जी बहुधा अकरा महिन्यांची असते, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही आणि सोडल्यास त्या काळाचे उरलेले भाडे द्यावे लागेल असे लिहिलेले असते तो काळ, आणि नोटीस, म्हणजे लॉक-इन संपल्यावर घर सोडण्याआधी द्यायची, बहुधा एक महिन्याची, पूर्वसूचना. यांपैकी आपण नेमके कोठे उभे आहोत हे ज्याला कळले, त्याच्या हातात अजून काही पर्याय असतात. दोन महिने गप्प राहिलेल्याच्या हातात ते राहत नाहीत.

साशंक : करारनामा वाचावा, यावर मतभेद नाही. मतभेद आहे तो मालकाला लगेच कळवण्यावर, आणि तो समजण्यासाठी हा दस्तऐवज कोणाच्या भीतीतून जन्मला हे पाहावे लागेल. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला एवढे संरक्षण दिले, की मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी परवान्याची वाट धरली. मग 1973 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. ‘दिलेले घर परत मिळणार नाही’ ही मालकांची धास्ती तेव्हापासून मुरलेली आहे. 1999 च्या कायद्याने ती दूर करण्यासाठी कलम 24 मध्ये मालकाला भक्कम आधार दिला: परवान्याची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि मालकाला दिवाणी न्यायालयाच्या लांबलचक वाटेऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अकरा महिन्यांची प्रथाही अशीच जुन्या सावधगिरीतून आली. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून मुदत वर्षाच्या आत ठेवली जाई. आता नोंदणी सर्वच करारांना सक्तीची असूनही तो आकडा टिकून आहे. तात्पर्य, भाडेकरूने घर सोडले नाही तर काय, या एका प्रश्नाभोवती हा करार रचला गेला, आणि भाडेकरूला राहणे परवडेनासे झाले तर काय, या प्रश्नाला त्यात जागाच मिळाली नाही. अशा कराराखाली राहणाऱ्याने आपले उत्पन्न थांबल्याचे आपण होऊन सांगणे म्हणजे ज्याच्या हाती अनामत रक्कम आहे, त्याच्याच हाती आपली दुर्बलताही सोपवणे होय.

आग्रही : इतिहास मान्य आहे, पण त्यावरून गप्प राहण्याची किंमत कमी होत नाही, आणि ती आकड्यांत मांडता येते. समजा, भाडे महिना 25,000 रुपये, अनामत 75,000, मुदत अकरा महिने, लॉक-इन सहा महिने आणि नोटीस एक महिन्याची आहे, आणि नोकरी तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस गेली. लॉक-इनचे तीन महिने उरले, म्हणजे कागदावरची देणी नेमकी अनामतीइतकी, 75,000 रुपये. ही जुळणी पाहून बहुतेकांचा धीर सुटतो आणि ‘आता काहीच सुटत नाही’ असे समजून ते स्वस्थ बसतात. वस्तुतः कायदा एवढ्यावर थांबत नाही. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 74 नुसार करारभंगासाठी आधीच लिहून ठेवलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात मिळते ती तिच्या आतली वाजवी भरपाई, आणि फतेचंद विरुद्ध बालकिशन दास या 1963 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याला जोडून कलम 73 चे स्पष्टीकरण सांगते, की नुकसान मोजताना ते कमी करण्याची जी साधने उपलब्ध होती तीही विचारात घ्यावीत. याचा घराच्या बाबतीतला अर्थ असा, की मालकाला रिकामे घर तसेच ठेवून तीन महिन्यांचे भाडे निमूट मोजता येणार नाही. नवा राहणारा शोधण्याचा वाजवी प्रयत्न त्याच्याकडून अपेक्षित आहे. चौथ्या महिन्यात सूचना देऊन घर सोडले आणि पाचवा महिना रिकामा जाऊन सहाव्यात कोणी राहायला आले, तर मालकाचे खरे नुकसान म्हणजे एका महिन्याचे 25,000 रुपये, नव्या नोंदणीचा खर्च, आणि दलाली द्यावी लागलीच तर ती. नोंदणीचा खर्च फारसा नसतो: शहरात नोंदणी फी 1,000 रुपये, मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के, म्हणजे या उदाहरणात सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. मात्र मालकाला प्रयत्नासाठी वेळ मिळावा लागतो, आणि तो देणे भाडेकरूच्याच हातात आहे. जो सातव्या महिन्यात अचानक किल्ली ठेवून जातो, त्याला कलम 73 फारसे उपयोगी पडत नाही.

साशंक : या हिशेबात एक मोठी गोष्ट सुटली आहे. जो चौथ्या महिन्याच्या अखेरीस घर सोडतो त्याला पाचव्या महिन्यात कोठेतरी राहावेच लागते. ज्याचे आईवडील सातारा, लातूर किंवा जळगावला आहेत आणि ज्याच्या मुलांची शाळा अजून सुरू झालेली नाही, त्याला परत जाता येईल. परंतु ज्याच्या मुलाखती याच शहरात आहेत, ज्याच्या पत्नीची नोकरी येथेच आहे, त्याने घर सोडून वाचवलेले पैसे दुसऱ्या घराच्या अनामतीत, दलालीत आणि सामान हलवणाऱ्या टेम्पोत जातील. आणि ते दुसरे घर मिळेलच असेही नाही. आज नवे घर देताना मालक, एजंट आणि कित्येकदा सोसायटीची समितीसुद्धा कंपनीचे ओळखपत्र किंवा पगाराची पावती पाहू इच्छिते. बेकार माणसाला राहते घर टिकवणे नवे मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. शहरात राहण्याची जागा हेच नोकरी शोधण्याचे साधन असते, आणि ते पहिल्या महिन्यात सोडून देणारा पुढचे सहा महिने महाग करून घेतो. दुसरी बाब न्यायाची. कलम 73 आणि 74 न्यायाधीशासमोर चालतात. भाडेकरू घर सोडतो तेव्हा अनामत मालकाच्या खात्यात असते, म्हणून दावा लावण्याचे ओझे भाडेकरूवर पडते. 75,000 रुपयांसाठी वकील करून वर्षानुवर्षे तारखा घेणारा बेकार माणूस विरळाच. भरपाई वाजवी असावी हे तत्त्व खरे, पण ती किती वाजवी हे प्रथम मालकच ठरवतो. म्हणून अनेक जण जे करतात, म्हणजे शेवटचे दोन-तीन महिने भाडे न देता ‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ असे सांगून राहतात, त्याला सरसकट अप्रामाणिकपणा म्हणता येत नाही. घराचा ताबा आणि अनामत यांपैकी एक गोष्ट तरी हातात असेपर्यंतच त्यांना वाटाघाट करता येते, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते.

आग्रही : ही पद्धत समजण्यासारखी असली तरी तिच्यामागे दोन गृहीतके दडली आहेत आणि दोन्ही तपासली पाहिजेत. एक, मालक नेहमी बलवान असतो. शहरातील भाड्याच्या घरांचा मोठा भाग अशा मालकांचा आहे ज्यांच्याकडे राहत्या घराखेरीज एकच सदनिका असते. तिचा गृहकर्जाचा हप्ता भाड्यातून जातो, किंवा निवृत्तीनंतरचा घरखर्च तिच्यावर चालतो, आणि सोसायटीचा देखभाल खर्च घर रिकामे असले काय नि भरलेले असले काय, मालकाच्याच माथी असतो, शिवाय घर भाड्याने दिल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क असते ते वेगळेच. अनामत त्याने नेहमी बँकेत जपून ठेवलेली असते असेही नाही. ती आधीच्या राहणाऱ्याला परत करण्यात गेलेली असते आणि नव्याकडून आलेली पुढच्याला जाते. भाडे न येणे हा त्यालाही पगार थांबण्यासारखाच धक्का असतो. दुसरे गृहीतक असे, की एकतर्फी वळते करण्यात धोका नाही. अनामत ही थकबाकी आणि घराची मोडतोड यांसाठी तारण म्हणून दिलेली असते, आगाऊ भाडे म्हणून नव्हे. ती भाड्यात संपवली की वीजबिल, रंगकाम आणि तुटलेल्या नळाचा हिशेब कशातून होणार, हा वाद अटळ होतो. भाडे चुकले तर परवाना रद्द करण्याचा अधिकार बहुतेक करारांत मालकाला दिलेला असतो. आणि या ताणातच करार संपला, तरी ताबा न सोडणाऱ्यावर दुप्पट भरपाईचे कलम लागू होते. सक्षम प्राधिकाऱ्यापुढे बचाव मांडण्याची परवानगी समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्रावर मागावी लागते, आणि ती मागितली नाही तर मालकाचे म्हणणे मान्य झाल्यासारखेच होते. हीच वळती करण्याची व्यवस्था मालकाच्या लेखी संमतीने झाली, तर मात्र ती निर्दोष आहे, कारण करार कायद्याच्या कलम 63 नुसार ज्याचे येणे आहे तो ते पूर्णतः किंवा अंशतः सोडू शकतो किंवा त्यासाठी मुदत वाढवून देऊ शकतो. लॉक-इनचा एक महिना सोडणे, दोन महिने अर्धे भाडे घेऊन उरलेले नंतर घेणे, पर्यायी राहणारा आणून दिल्यास दंड न घेणे, खोलीत सहनिवासी ठेवू देणे, हे सगळे मालकाच्या होकारावर अवलंबून आहे. विशेषतः सहनिवासी परस्पर ठेवणे हा जवळजवळ प्रत्येक करारात भंग ठरतो.

साशंक : लेखी संमतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि तो आपण मांडलात त्याहून कठोर आहे. कलम 24 च्या स्पष्टीकरणात लेखी परवाना करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे. मालकाने जिन्यात उभे राहून ‘काळजी करू नका, जमेल तेव्हा द्या’ असे म्हटले आणि दोन महिन्यांनी त्याला त्याचे स्मरण राहिले नाही, तर त्या शब्दांवर विसंबलेला माणूस उघडा पडतो. निदान ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर तारीख, रक्कम आणि दोघांचा होकार असलेला मजकूर हवा. पण यापुढचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. नोकरी जाणे ही भाडेकरूची चूक नसते, तरी त्याचा संपूर्ण भार त्याच्यावरच का? करार कायद्याच्या कलम 56 मध्ये अशक्य झालेला करार शून्य होतो असे तत्त्व आहे, आणि सत्यब्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर या 1953 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘अशक्य’ याचा अर्थ केवळ भौतिक अशक्यतेपुरता घेतला नव्हता.

आग्रही : त्या निकालाचा येथे आधार मिळत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण खोट्या आशेने बरेच जण भाडे थांबवतात. करार पार पाडणे महाग किंवा अवघड झाले म्हणून तो अशक्य ठरत नाही, हेही न्यायालयांनी तितक्याच सातत्याने सांगितले आहे. 2020 ची टाळेबंदी आठवावी. सरकारनेच कामे बंद केली होती, तरी 29 मार्च 2020 च्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये एवढेच म्हटले होते, आणि एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले. भाडे माफ झाले असे कोणी म्हटले नाही. सगळ्यांचे एकाच वेळी बुडत असताना जे मिळाले नाही, ते एकट्याची नोकरी गेल्यावर कलम 56 मधून मिळेल असे समजणे आत्मघातकी आहे.

साशंक : तसे असेल तर दोष कराराच्या रचनेत आहे असे म्हणावे लागेल. औद्योगिक कायद्यात कामगार कपातीसाठी एक महिन्याची सूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार ही भरपाई सांगितली आहे, पण ती कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगारा’साठी आहे. हिंजवडी किंवा ऐरोलीच्या कार्यालयात बोलावून राजीनामा लिहून घेतला जातो तेव्हा त्या माणसाच्या हातात यातले बहुधा काहीच पडत नाही. नोकरी एका दुपारी संपते आणि घर मात्र लॉक-इन व नोटीस मिळून तीन-चार महिने संपत नाही. या दोन मुदतींमधला फरक कोणीतरी भरून काढायला हवा, आणि आज तो एकटा भाडेकरूच भरतो. सिंगापुरात परदेशातून आलेल्या नोकरदारांच्या भाडेकरारांत एक कलम रूढ आहे: नोकरी संपली किंवा बदली झाली, तर बहुधा पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांच्या सूचनेने घर सोडता येते, आणि मालकाने दिलेल्या दलालीचा उरलेल्या मुदतीच्या प्रमाणातील भाग भाडेकरू परत करतो. मालकाचे खरे नुकसान भरून निघते आणि भाडेकरूची कोंडीही होत नाही. असे कलम येथे का नसावे? केंद्राने 2021 मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मर्यादित केली आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याखेरीज ती लागू होत नाही हे खरे, पण त्यातही उत्पन्न थांबलेल्या माणसाचा विचार या दिशेने पुढे गेलेला दिसत नाही.

आग्रही : ते कलम करार करताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी मागता येते, आणि नोकरी हातात असताना मागणाऱ्याचा शब्दही वजनदार असतो. तरीही एक अडचण नोंदवली पाहिजे. नोकरी गेली हे सिद्ध कसे करायचे? राजीनामा लिहून घेतलेल्याच्या हातातील कागद सांगतो, की तो स्वेच्छेने गेला. शिवाय असे कलम सर्वत्र आले तर मालक सरकारी किंवा बँकेतल्या नोकरदाराला आधी पसंती देईल, आणि कंत्राटी नोकरीवर असलेल्याला, म्हणजे ज्याला या कलमाची सर्वाधिक गरज आहे त्यालाच, घर मिळणे कठीण होईल. संरक्षण दिले की मालक दुसरी वाट शोधतो, हे 1947 नंतर एकदा घडून गेले आहे.

साशंक : हा आक्षेप खोडता येत नाही. पण त्यातून सुरुवातीच्या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहता येते. आपण ‘कळवणे’ या एका शब्दात दोन कृती एकत्र केल्या आहेत. घर सोडण्याची सूचना देणे ही एक कृती, आणि ती का दिली जात आहे हे सांगणे ही दुसरी. करारातील नोटिशीचे कलम कारण विचारत नाही. ज्याचा लॉक-इन काळ संपला आहे त्याने तारीख लिहून सूचना द्यावी. नोकरीचा उल्लेख करण्याचे त्याच्यावर ना बंधन आहे, ना त्यात त्याचा लाभ. ज्याचा लॉक-इन बाकी आहे त्याला मात्र सवलत हवी आहे, आणि सवलत मागणाऱ्याला कारण द्यावे लागते.

आग्रही : हा भेद मान्य केला पाहिजे, आणि त्यामुळे पहिल्या आठवड्यात लगेच कळवण्याचा आग्रहही बदलतो. पहिल्या आठवड्यात करारनामा वाचावा, शिल्लक किती महिने पुरेल ते मोजावे, घरच्यांशी बोलून राहायचे की सोडायचे हे ठरवावे. आणि मालकाकडे नुसती बातमी घेऊन न जाता तारीख, रक्कम व मिळाल्यास पर्यायी राहणारा यांसह लेखी प्रस्ताव घेऊन जावे. बातमी ऐकणारा मालक घाबरतो. प्रस्ताव समोर आला तर त्याला हिशेब करता येतो.

साशंक : सोडणाऱ्यापुरते हे पटते. राहू इच्छिणाऱ्याचे काय? त्याचे नऊ महिने झाले आहेत, दोन उरले आहेत, शिल्लक पाच महिने पुरेल इतकी आहे आणि मुलाखती सुरू आहेत. भाडे तो वेळेवर देत आहे, म्हणून करारानुसार त्याच्यावर काहीही सांगण्याचे बंधन नाही. दोन महिन्यांनी नूतनीकरणाच्या वेळी मालक कंपनीचे पत्र मागेल. आज सांगावे तर मालक दुसरा राहणारा शोधू लागेल, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. तेव्हा सांगावे तर घर सोडायला पुरेसे दिवस उरणार नाहीत आणि मुदतीनंतरचा प्रत्येक दिवस दुप्पट दराने मोजला जाईल.

आग्रही : त्याने उरलेल्या दोन महिन्यांपैकी पहिल्यातच नूतनीकरणाची विचारणा करावी, कंपनीच्या पत्राऐवजी तीन महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याची तयारी दाखवावी, आणि विचारले गेल्यास खरे सांगावे.

साशंक : पाच महिने पुरणाऱ्या शिलकीतून तीन महिन्यांचे भाडे आगाऊ दिले, तर त्याच्या हातातली रोकड एकदम आटते, आणि मालकाने ते नाकारले, तर कारण मात्र सांगून झालेले असते.

आग्रही : नाकारले तरी त्याच्याकडे घर शोधायला सात-आठ आठवडे असतात, आणि अनामत कोणत्याही वादाविना परत मिळण्याची शक्यता असते. गप्प राहणाऱ्याकडे यांतले काही नसते.

साशंक : गप्प राहणाऱ्याकडे सहाव्या आठवड्यात नोकरी लागण्याची शक्यता असते, आणि ती लागली तर मालकाला काही कळण्याची वेळच येत नाही. ती शक्यता किती, हे त्या माणसाखेरीज कोणाला ठरवता येईल?